तू जा

माझ्या पहिल्या चढायांचा हिशोब आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. चढाया नऊ. त्यांतल्या रिकाम्या चार, बोनस एक, बाद चार वेळा. टिपलेले गडी शून्य. पकडी एक, तीही साखळीतली, म्हणजे अर्धं श्रेय शेजारणीचं. सरांच्या वहीत हे सगळं निळ्या शाईत आहे. एरवी बादचा रकाना ते लाल पेनने भरतात. त्या दिवशी मधेच लाल पेन संपलं. माझ्यामुळेच संपलं, असं आमच्या उजव्या कोपऱ्यातलीचं म्हणणं आहे.

त्याच्या आधीच्या सामन्याचं पानही त्याच वहीत आहे. पकडी पाच, चढाया शून्य. तर पाच पकडींपासून पाचावर धारण बसेपर्यंतची ही हकिगत.

मी डावा कोपरा. पेपरात 'डावी कोपरारक्षक' छापतात, मैदानात सगळे 'लेफ्ट कॉर्नर' म्हणतात आणि आमचे आजोबा 'कोपऱ्यातली' म्हणतात, जसं घरातल्या कपाटाबद्दल बोलावं. मला ते नाव आवडतं. महिलांचं मैदान बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. त्यातला माझा तुकडा आमच्या मोरीएवढा. उजवा हात शेजारच्या 'इन'च्या हातात, डावा मोकळा, गुडघे वाकलेले आणि नजर समोरून येणारीच्या उजव्या घोट्यावर. चेहऱ्याकडे बघायचंच नाही. चेहरा फसवतो, खांदे फसवतात, हात तर फसवायलाच असतात. घोट्याला मात्र अंगाचं वजन घेऊन कुठेतरी टेकावंच लागतं. तिने पाय लांबवला आणि तो टेकला, की खाली बसायचं, दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि पोटाशी ओढायचा. उरलेलं काम कव्हरवाल्या करतात. माझे डोळे तोवर मिटलेले असतात, नाकात माती असते आणि अंगावर सहा जणींचा ढीग. त्या ढिगाखाली इतकं शांत वाटतं की विचारू नका. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत मला तेवढी शांतता कधी मिळालेली नाही.

कोपऱ्यातलं आणखी एक सुख म्हणजे बोलावं लागत नाही. चढाईवाली आत पाऊल टाकते ती 'कबड्डी कबड्डी' करतच. आवाज थांबला की पंचांची शिटी. कोपऱ्यातलीने पूर्ण सामनाभर तोंड उघडलं नाही तरी कोणाचं काही अडत नाही. मी सहा वर्षं अशीच खेळले.

कबड्डी सुरू केली ती आठवीनंतर. त्या वर्षी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, जकार्ताच्या एशियाडची अंतिम लढत आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिली. भारताच्या मुली इराणकडून २४–२७ हरल्या. अख्ख्या मजल्याने तोंड पाडलं; मी मात्र वेगळ्याच गोष्टीने हरखले होते. त्या संघातली सोनाली शिंगटे लोअर परळची होती. एम. डी. कॉलेजात शिकलेली, शिवशक्तीकडून खेळलेली. म्हणजे आमच्या घरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं माणूस टीव्हीत होतं. ती चढाईपटू होती, हे तेव्हा मनात नोंदवायला हवं होतं. मी फक्त 'लोअर परळ' एवढंच नोंदवलं.

आमचा संघ काही शिवशक्ती किंवा डॉ. शिरोडकर नव्हे. गल्लीतल्या मंडळाचा संघ. दोन पेट्या बर्फ, एक वॉटर ड्रम, जर्सीचे पैसे गणपतीच्या वर्गणीतून उरले तर. तरी आमच्याकडे तीन बऱ्या चढाईवाल्या होत्या. जानेवारीत त्यांतल्या एकीला एका बँकेच्या संघात करारावर घेतलं. आम्ही पेढे खाल्ले. दुसरीच्या गुडघ्याचं लिगामेंट सरावातच गेलं. तिसरीने सीएच्या परीक्षेचं हॉल तिकीट हातात येताच मोबाईलमधून आमचा ग्रुपच काढून टाकला. महिन्याभरात उरल्या त्या सगळ्या पकडी करणाऱ्या. नुसत्या पहारेकऱ्यांची फौज. किल्ला शाबूत, पण स्वारीवर जायचं कोणी?

सर एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतात. साठ्यात काय आहे ते बघून मागणी भागवायची, ही त्यांची दिवसभराची सवय. त्या संध्याकाळी ते मैदानाच्या कडेला उभे राहून आमच्या सात जणींकडे तसेच बघत होते. मग माझ्याकडे बोट केलं.

"तू जा."

मी पाण्याच्या बाटल्या उचलायला वळले.

"बाटल्या नाही. चढाईला."

पोरी हसल्या. मीही हसले, कारण मला वाटलं सर गंमत करताहेत. सरांना गंमत करताना कोणी पाहिलेलं नाही हे तेव्हा आठवलं नाही.

बाहेरच्याला चढाई म्हणजे नुसतं पळत जाऊन शिवून येणं वाटतं. मला तर सहा वर्षं मैदानात काढूनही जवळजवळ तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात ती कामांची एक माळ आहे. मध्यरेषेला पाय लागायच्या आधी 'कबड्डी' सुरू झालं पाहिजे, उशीर झाला तर पंच परत पाठवतात आणि समोरच्यांना गुण व चढाई दोन्ही मिळतं. मग तीन मीटरवरची निदान रेषा निदान एकदा ओलांडायलाच हवी, नाहीतर कोणाला न शिवता, कोणी न धरताही तुम्ही बाद. तिच्या पुढे एक मीटरवर बोनसची रेषा. समोर सहा किंवा सात जणी असतील तरच बोनस, आणि त्यासाठी एक पाय त्या रेषेपलीकडे टेकलेला, दुसरा त्याच वेळी हवेत. दोन्ही बाजूंना लॉबी, तिथे झटापट सुरू होण्याआधी पाय पडला तर संपलं. हे सगळं तीस सेकंदांत, तोंडाने जप चालू ठेवून, आणि सात जणी तुमच्याकडे बघत असताना.

पहिल्या सरावात मी निदान रेषाच ओलांडली नाही. खाली बघून चालले होते, रेषा दिसली, आणि कोपऱ्यातल्या माणसाचा पाय रेषा बघून थांबतो तसा थांबला. दुसऱ्या खेपेला ओलांडली, पण जप बंद पडला. तिसऱ्या खेपेला दोन्ही जमलं; तेव्हा ज्या 'इन'चा हात मी सहा वर्षं हातात धरत आले तिनेच माझी कंबर पकडली आणि कानात म्हणाली, "सॉरी गं."

चौथ्या खेपेला ठसका लागला. आता हे लालबागेबाहेरच्यांना समजावून सांगावं लागेल. आमचं मैदान मसाल्याच्या बाजारापासून फार लांब नाही. मार्च ते मे अख्ख्या मुंबईची वर्षाची मिरची इथे निवडली, भाजली आणि कुटली जाते. वारा त्या बाजूने आला की संध्याकाळची हवाच तिखट होते. आई त्या सीझनला एका मसाल्याच्या दुकानात कामाला जाते, त्यामुळे मला वाटायचं मिरचीचं आपल्याला काही होत नाही. कोपऱ्यात उभं असताना होतही नव्हतं; नाकाने हळू श्वास घ्यायचा, झालं. पण सलग जप करताना मधेच तोंडाने हवा ओढावी लागते, आणि ती हवा बेडगीची असली तर जपाचा खोकला होतो. मी बाद झाले मिरचीमुळे. सर म्हणाले, वहीत तसा रकाना नाही.

पण या सगळ्याहून मोठी अडचण वेगळीच होती आणि ती कळायला मला दोन आठवडे लागले. मला पकडी फार माहीत होत्या. नवी, काही न कळणारी पोर चढाईला गेली तर ती बिनधास्त हात मारते. तिला कुठे काय दबा धरून बसलंय ते ठाऊक नसतं. मला समोरच्या प्रत्येकीत मीच दिसत होते. उजवा पाय पुढे टाकायचा म्हटलं की त्या घोट्यावर माझेच हात दिसायचे. आत घुसावं तर कव्हरचा डॅश, वळावं तर मागून कंबर, लॉबीकडे सरकावं तर साखळी. अख्खं अंगण वाकडं, आणि ते मीच सारवलेलं. तीस सेकंद मी मधोमध उभी राहून डोलायचे आणि परत यायचे. सर विचारायचे, "काय बघून आलीस?"

आजोबांना ही बातमी कळली तेव्हा ते खूश झाले, हे मला आणखी बुचकळ्यात टाकणारं होतं. आजोबा भारतमाता टॉकीजच्या बाजूच्या इंडिया युनायटेड एक नंबरला साच्यांवर होते. गिरणीकडून हुतुतू खेळायचे. कबड्डी हा शब्द ते आजही थोडा परक्या पाहुण्यासारखा उच्चारतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात त्यांचा साचा गेला तसा संघही गेला. त्या संपाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. खेळाबद्दल विचारलं तर थांबत नाहीत.

"रेडर, डिफेंडर हे कधी आलं?" ते म्हणाले. "आमच्यात ज्याच्या छातीत दम तो जायचा. घड्याळ नव्हतं. दम हेच घड्याळ."

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, वरळीच्या एनएससीआयमधले यू मुंबाचे सामने टीव्हीवर लागले, तेव्हा पडद्यावरचे तीस सेकंदांचे आकडे उलटे पळताना बघून त्यांनी आईला विचारलं होतं, की हे भात शिजायला लावलेत का. त्यामुळे त्यांची शिकवणी घड्याळाविना सुरू झाली. चाळीचा जिना खालून वरपर्यंत एका दमात, 'हुतुतूतू' म्हणत चढायचा. आमचा मजला तिसरा. पहिल्या दिवशी मी पहिल्या मजल्यावरच्या पिंपाशी संपले. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "बाळा, काही होतंय का तुला?" दोन आठवड्यांनी तिसरा मजला आला. दम वाढला, आणि त्याहून मोठी गोष्ट, सगळ्या चाळीसमोर मोठ्याने ओरडायची लाज गेली. मैदानात कोणी त्याबद्दल शाबासकी दिली नाही, कारण दम हा चढाईवालीकडे असतोच असं सगळे धरून चालतात.

मग तो पहिला सामना, ज्याचा हिशोब सुरुवातीला दिला. नाव सांगत नाही, पण आसपासचीच स्पर्धा. मातीचं मैदान, वर बल्ब, एका बाजूला चाळीच्या गॅलऱ्या प्रेक्षकांनी भरलेल्या आणि माईकवर एक गृहस्थ. माईकवाल्यांना शांतता सहन होत नाही. "पाच नंबर चढाईसाठी! पाच नंबर, बघूया काय करतात!" पाच नंबर म्हणजे मी. सहा वर्षांत माईकवर माझा नंबर पकडीनंतर यायचा. म्हणजे काम झाल्यावर. इथे काम व्हायच्या आधीच पुकारा. पाच नंबर मधोमध उभी राहून डोलत होती आणि माईकवाला म्हणत होता, "पाच नंबर अंदाज घेताहेत... अजून अंदाज घेताहेत..." गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "घेतला असेल तर या आता!"

दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. तिच्यात गुण आणला नाही तर जाणारी बाद. सरांनी तिसऱ्याला मला पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. पण आमच्या संघात दुसरं पाठवायला उरलं कोण होतं? दोनदा गेले, दोनदा बाद. एक घोटा, एक मांडी. घोटा धरणारी पोरगी वयाने लहान होती आणि तिची पद्धत फार चांगली होती. ढिगाखाली पडल्या पडल्या माझ्या मनात पहिला विचार तिच्या कौतुकाचाच आला, हे मी सरांना सांगितलेलं नाही. एकमेव बोनस कसा मिळाला तेही सांगायला हवं: मी घसरले. पाय सरकून रेषेपलीकडे गेला, दुसरा आपसूक उचलला गेला, पंचांनी अंगठा वर केला. माईकवाला म्हणाला, "पाच नंबरची चतुराई!"

आणि पकडी? पाचावरून एकावर. मी समजत होते, दमल्यामुळे. ते थोडं खरंही आहे; चढाईवरून धापा टाकत आलेली बाई पुढच्याच क्षणी कोपऱ्यात वाकून शांत डोळ्यांनी घोटा बघू शकत नाही. पण खरं कारण सरांच्या वहीत नव्हतं, ते मला कॉलेजातल्या मैत्रिणीशी बोलताना सापडलं.

ती नागपाड्याची. आमच्याकडे जशी कबड्डी तसं त्यांच्याकडे बास्केटबॉल; मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर तिचे काका, भाऊ, सगळे खेळलेले. माझी रडकथा ऐकून ती म्हणाली, आमच्यात अशांना 'रोल प्लेअर' म्हणतात. ठरलेलं एक काम करणारा. आणि तिने मला बेन वॉलेसची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या एनबीएत त्याला सुरुवातीला ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंच नव्हतं. पुढे चार वेळा तो वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, २००४ मध्ये डेट्रॉईटकडून विजेतेपद मिळवलं, २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि उभ्या कारकिर्दीत त्याचे सामन्यामागे सरासरी गुण सहासुद्धा नाहीत. समोर कोणी अडवायला नसताना मारायचे फ्री थ्रो, तेही शंभरातले एक्केचाळीसच जायचे.

"मग हे आमच्या सरांना सांग," मी म्हटलं.

"सांगते. पण त्याच्या टीममध्ये बास्केट करणारे बाकीचे चार होते," ती म्हणाली. "तुमच्यात कोण आहे?"

यावर मी वडापाव खाल्ला.

पण तिच्याच बोलण्यातून दुसरी गोष्ट लक्षात आली. त्यांच्या खेळात नेम चुकला तर खेळाडू वळतो आणि आपल्या बाजूला जाऊन बचाव करतो. चूक झाली, पुढे चला. आमच्यात चढाई फसली की चढाईवाली मैदानाबाहेर बसते. आपल्या संघाने समोरची एक बाद केली की आपली एक परत येते, तीही ज्या क्रमाने बाद झाल्या त्याच क्रमाने. जुन्या लोकांच्या भाषेत ही संजीवनी. पूर्वी गामिनी नावाचा प्रकार होता, त्यात बाद झालं की झालंच. आणि अमर, त्यात बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, फक्त गुण जायचा. मी मनापासून सांगते, मला अमरमध्ये जन्म घ्यायला हवा होता. कारण त्या सामन्यात मी चार वेळा बाद झाले, म्हणजे चार वेळा जाऊन बाकावर बसले, आणि मी बाकावर असताना डावा कोपरा ओसाड. तिथे कोणीतरी सरकून उभं राहायचं, पण तिला त्या बाजूचा हात मोकळा ठेवायची सवय नव्हती. समोरच्यांच्या चढाईवालीने तिकडूनच तीन गडी उचलले. माझी एक फसलेली चढाई म्हणजे समोरच्यांना एक गुण नव्हे, तर एक गुण आणि वर एक उघडं दार. हा हिशोब मी एका वहीच्या मागच्या पानावर मांडून सरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मग बाद होऊ नकोस."

साठ्यात दुसरं काही नसलं की स्टोअरकीपर असंच बोलणार.

पण त्यानंतर त्यांनी एक केलं. मला पहिल्या चढाईला पाठवायला लागले, तिसऱ्याला नाही. तिसऱ्याला सात नंबर जायची, जिला बाद व्हायचं काहीच वाटत नाही; ती बाद होऊन येतानाही हसत येते. पहिल्या चढाईत रिकामं परतलं तरी चालतं, आणि समोर सहा-सात जणी असल्या तर बोनसही उघडा असतो. माझं काम एवढंच: निदान रेषा ओलांड, जमलं तर बोनस, नाहीतर तीस सेकंद घालवून घरी ये. टाळ्या कोणी वाजवत नाही. माईकवाल्याला काही बोलता येत नाही, यातच मला निम्मं समाधान होतं.

अभिलाषा म्हात्रेंचे सामने मोबाईलवर बघ, असं सात नंबरने सांगितलं. २०१४ च्या इंचिऑन एशियाडचं सुवर्ण, २०१५ चा अर्जुन पुरस्कार. मुंबईत चढाई शिकणाऱ्या पोरीने त्यांचं नाव घेतल्याशिवाय रेषा ओलांडू नये. मी बघितले. पण खरं सांगायचं तर मला त्यांतून काही उचलता आलं नाही. लता मंगेशकर ऐकून घसा बसलेल्या माणसाने काय उचलावं? मग एका रात्री मी उलटं केलं. कोपऱ्यात असताना मला कोणती चढाईवाली आवडत नाही, ते आठवायला बसले. जोरात येणारी मला आवडते, ती स्वतःहून पाय आणून देते. उड्या मारणारीही चालते. डोकं उठवते ती कंटाळवाणी. ती येते, पाय दाखवते, मागे घेते, पुन्हा तसाच दाखवते. विसाव्या सेकंदाला मी चिडते आणि चिडून झेपावते.

आणि झेपावण्याआधी मी काय करते? हे आठवायला मला अंथरुणात उठून बसावं लागलं. दोन्ही हातांनी घोटा धरायचा तर शेजारणीच्या हातातला माझा उजवा हात आधी सोडवावा लागतो. सहा वर्षं मी हे करत होते आणि मला ते माहीत नव्हतं. कोपऱ्यातलीचा हात सुटला, की ती येणार.

पुढच्या सामन्यात मी घोट्याकडे बघितलंच नाही. समोरच्या डाव्या कोपऱ्यातलीचे आणि तिच्या 'इन'चे गुंतलेले हात बघत राहिले. उजवा पाय दाखवला, मागे घेतला. दाखवला, मागे घेतला. माईकवाला गप्प. गॅलरी गप्प. आजोबांच्या जिन्यामुळे दम भरपूर होता, वारा त्या दिवशी समुद्राकडून होता. मी पाय तिसऱ्यांदा दाखवला आणि त्यांची बोटं सुटली. मी पाय ओढला. ती पोरगी माझ्यासमोर मातीत आडवी आली, जिथे माझा पाय असायला हवा होता तिथे. मी वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. मारलाही नाही, नुसता ठेवला, झोपलेल्या माणसाला उठवताना ठेवतात तसा. मग वळून पळाले, मध्यरेषेच्या पलीकडे चार पावलं जास्तच गेले.

त्या सामन्याचा हिशोब: चढाया सात, रिकाम्या चार, बोनस एक, गडी एक, बाद एक. पकडी तीन. सामना आम्ही चार गुणांनी हरलो. सरांनी माझ्या ओळीपुढे काही लिहिलं नाही, फक्त लाल पेन खिशात ठेवलं.

पकडी तीन, पाच नव्हेत, याचं कारण या वेळी वेगळं होतं. आता कोपऱ्यात उभी राहिले की मला माझाच उजवा हात आठवतो. सोडला की समोरचीला कळेल, असं वाटून तो मी सोडतच नाही, आणि सोडते तेव्हा घोटा गेलेला असतो. आमची 'इन' म्हणाली, "हल्ली तू माझा हात फार घट्ट धरतेस." हे कसं सुटायचं ते मला अजून समजलेलं नाही. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, आमच्यात साखळी नसायची तेव्हा.

परवा ग्रुपवर रविवारच्या सामन्याची यादी आली. माझ्या नावापुढे 'ले. कॉ.' आणि तिरकी रेघ मारून 'रेड'. खाली सरांची सूचना: सामना मॅटवर आहे, बूट सगळ्यांनी आणायचे. माझ्याकडे बूट आहेत, मोठ्या बहिणीचे. तळ गुळगुळीत झालेत. आजवर भागत होतं.

आई दुकानातून आली तेव्हा मी ते उलटे करून बघत बसले होते. सीझनमध्ये ती घरी आल्यावर तासभर कशाला हात लावत नाही, तिखटाने हात चुरचुरत असतात. ती दारातच कोपर टेकून उभी राहिली.

"नवीन हवेत," मी म्हटलं. "ग्रिपवाले. हजार-बाराशेला येतील."

"कोपऱ्यात उभं राहायला?"

मी काही बोलले नाही. आजोबा कॉटवरून म्हणाले, "मिरची उतरली की घे म्हणावं. रविवारी अनवाणी जाऊ दे."

"मॅटवर अनवाणी चालत नाही, आजोबा."

"चालायचंय कुठे," ते म्हणाले, "तू तर उभीच असतेस ना मधोमध?"